भाषाविज्ञानाची पदवी: वर्षभर प्रत्यक्ष काय काम करावं लागतं

पहिल्या सत्रात सगळ्यात जास्त वेळ जातो तो ऐकण्यात. स्वनविज्ञानाच्या, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासाच्या, तासाला आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा, म्हणजे आयपीएचा, तक्ता हातात पडतो. व्यंजनांच्या आडव्या ओळी उच्चाराच्या रीतीच्या, उभे रकाने उच्चारस्थानाचे, आणि बाजूला स्वरांचा चौकोन. देवनागरीत वाढलेल्याला हा तक्ता परका वाटत नाही, कारण आपली वर्णमालाही कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ अशा क्रमानेच लावलेली आहे. पण या ओळखीतूनच पहिली मोठी अडचण उभी राहते. विद्यार्थी कानावर पडलेला आवाज लिहीत नाही, त्या शब्दाचं शुद्धलेखन आठवून लिहितो. आम्ही हा अभ्यासक्रम पुरा केला आणि आता खालच्या वर्गांच्या वह्या तपासतो. पहिल्या चार-पाच आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक वहीत हीच चूक दिसते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. रोज वीस मिनिटं, एका वेळी दहाच शब्द. ध्वनिमुद्रण प्रत्येक शब्दाला तीनदा ऐकायचं, लिहायचं, दुसऱ्या दिवशी जुनं लिखाण न बघता पुन्हा लिहायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. जिथे फरक पडतो तिथे कान अजून तयार झालेला नाही. ‘समज’ आणि ‘समजा’ हे शब्द यासाठी उत्तम. ‘समज’मध्ये म नंतरचा अ ऐकू येतो, ‘समजा’ म्हणताना तो गळतो आणि ‘सम्जा’ उरतं. लिपीत दोन्हीकडे ‘म’ सारखाच दिसतो, म्हणून बहुतेक जण दोन्हीकडे अ लिहून मोकळे होतात. ‘दिन’ आणि ‘दीन’चं उलट आहे. लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे, पण बहुतेकांच्या बोलण्यात दोन्ही एकच. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी मार खाल्लेल्या पिढ्यांना हे पटवून घेणं जड जातं.

कुठे शिकता येतं, तेही सांगून टाकतो. पदवीपातळीवर हा स्वतंत्र विषय म्हणून घ्यायचा तर बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ ही जुनी ठिकाणं. महाराष्ट्रात रुळलेली वाट म्हणजे मराठी, संस्कृत किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं, त्यातल्या भाषाविज्ञानाच्या पेपरात गोडी लागली की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा मुंबई विद्यापीठात एम.ए. करायचं. अभ्यासक्रमाची नावं बदलतात, गाभा सगळीकडे तोच असतो: स्वनविज्ञान, स्वनिमविज्ञान, पदरचना, वाक्यविन्यास, अर्थविज्ञान, ऐतिहासिक भाषाविज्ञान, समाजभाषाविज्ञान आणि क्षेत्रकार्य.

स्वनिमविज्ञानात दर आठवड्याला एक प्रॉब्लेम सेट येतो. वीस-तीस शब्द दिलेले असतात आणि प्रश्न एकच: हे दोन आवाज या भाषेत वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थात फरक पाडणारे आवाज, आहेत, की एकाच स्वनिमाची दोन रूपं? मराठीतला च-ज-झ यासाठी इतका सुरेख नमुना आहे की तो सविस्तर करून दाखवतो.

‘चाक’मधला च दाताजवळचा, ‘चिंच’मधला पहिला तालव्य. अशीच ‘जाळं’ आणि ‘जीभ’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक आवाजाच्या पुढे काय येतं याचा तक्ता करणं. दहा-बारा शब्दांतच दिसतं की इ, ई, ए आणि य यांच्या आधी तालव्य आवाज येतो, इतरत्र दंत्य. दुसरी पायरी म्हणजे एकाच शब्दाची रूपं लावून पाहणं. ‘माझा’मध्ये दंत्य, ‘माझी’मध्ये तालव्य. ‘आच’ दंत्य, ‘आचेवर’ तालव्य. ‘माझं’ म्हणताना दंत्य आणि तोच माणूस भाषणात ‘माझे’ म्हणाला की तालव्य. इथपर्यंत आलं की विद्यार्थी ‘पूरक वितरण’ (एक आवाज येतो तिथे दुसरा येत नाही) असं लिहून खाली रेघ ओढतो.

रेघ ओढायची घाई करू नये. ‘जग’ म्हणजे दुनिया, इथे अ-पूर्वी तालव्य ज आहे. ‘जग’ हे जगणे या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप, इथे त्याच अ-पूर्वी दंत्य ज. ‘जरा थांब’मधला जरा दंत्य आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ तालव्य. बाकी सगळं सारखं असून एका आवाजाने अर्थ बदलला, म्हणजे लघुतम जोडी सापडली, म्हणजे आजच्या मराठीत हे दोन वेगळे स्वनिम आहेत. मग वरचा सुंदर नियम फुकट गेला का? नाही. तो जुन्या, घरच्या शब्दांना लागू होतो. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि म्हातारपणाचा ‘जरा’ संस्कृतातून घेतलेले आहेत आणि येताना तालव्य आवाज घेऊन आले. राहता राहिला चार हा आकडा. तो घरचाच शब्द, तरी आ-पूर्वी तालव्य कसा? जुन्या मराठीत तो ‘च्यारि’, ‘च्यार’ असा लिहिलेला सापडतो. य गेला, त्याने घडवलेला आवाज मागे राहिला.

उत्तरपत्रिकेत गुण मिळतात ते याच क्रमाने मांडणी केली तर: डेटा, त्यावरून दिसलेली नियमितता, नियम, नियमात न बसणारे शब्द, आणि त्यांचं कारण. शेवटचे दोन भाग गाळलेलं उत्तर अर्धंच धरलं जातं. आणि नियमात न बसणारे शब्द यादीतून गुपचूप वगळणं ही या विषयातली सगळ्यात वाईट सवय आहे. ती पहिल्याच वर्षी मोडावी.

ध्वनिमुद्रणाचं काम दुसऱ्या सत्रात येतं. आवाज मोजायचं सॉफ्टवेअर म्हणजे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं प्राट. ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. फाइल वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, अगदी समोर नको. समोर धरला तर फ, ख, ठ यांचा श्वास माइकवर आदळतो आणि नेमका तोच भाग मोजायला निरुपयोगी होतो. पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीत नको, फरशीच्या रिकाम्या खोलीपेक्षा गाद्या-पडद्यांची खोली बरी. व्हॉट्सॲपवर मागवलेलं ध्वनिमुद्रण शब्द ओळखायला चालेल, मोजमापाला नाही. फाइल लहान करताना आवाजातली माहितीच छाटली जाते आणि नंतर ती परत आणता येत नाही.

प्राटमध्ये ध्वनिपट, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडलं की त्यात काळे पट्टे दिसतात. स्वराची ओळख ठरवणाऱ्या या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. पुरुषाच्या आवाजासाठी फॉर्मंटची वरची मर्यादा ५००० हर्ट्झ, स्त्रीच्या आवाजासाठी ५५०० हर्ट्झ ठेवून सुरुवात करतात. ती न बदलता सगळ्यांचे आवाज एकाच मापाने मोजले की आकडे भलतेच येतात, विशेषतः उ आणि ओ या स्वरांचे. तिथे पहिले दोन फॉर्मंट जवळजवळ असतात आणि प्रोग्राम त्यांना एकच समजतो. म्हणून आकडा उतरवण्याआधी प्रोग्रामने दाखवलेले लाल ठिपके काळ्या पट्ट्यांवर बसलेत का ते डोळ्यांनी पाहायचं. स्वराची लांबी मोजताना सीमा कुठे धरायची ते आधी लिहून ठेवायचं आणि शेवटच्या शब्दापर्यंत तेच पाळायचं. एका शब्दात स्वर संपला असं पट्टे फिकट झाल्यावर धरलं आणि दुसऱ्यात आवाज पूर्ण थांबल्यावर, तर मिळालेला फरक बोलणाऱ्याचा नसून मोजणाऱ्याचा असतो.

‘दिन-दीन’सारखा प्रयोग करताना शब्द कार्डावर लिहून वाचायला देऊ नका. छापील ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं की शिकलेला माणूस मुद्दाम ओढून किंवा तोडून म्हणतो. चित्र दाखवून किंवा अर्थ सांगून शब्द काढून घ्यायचा, तो ‘मी अमुक म्हणालो’ अशा एकाच चौकटवाक्यात बसवायला सांगायचा आणि शब्दांचा क्रम प्रत्येकासाठी बदलायचा. दहा बोलणारे, बारा शब्द, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे ३६० मोजमापं. पदवीच्या प्रकल्पाला एवढं पुरतं आणि एका माणसाकडून महिनाभरात होतं.

समाजभाषाविज्ञानाच्या पेपरात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यू यॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरांत केलेली पाहणी शिकवतात. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू विचारायची आणि विक्रेता ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणताना र उच्चारतो का ते टिपायचं. अशी २६४ माणसं त्यांनी टिपली. याची मराठी नक्कल करताना बहुतेक जण ण आणि न निवडतात: ‘पाणी’ की ‘पानी’. निवड बरोबर आहे, पण बोलणाऱ्याला तुमचा हेतू कळता कामा नये आणि ‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नयेत. ते निघाले की समोरचा सावध होतो आणि पुढचा सगळा डेटा सावध मराठीचा मिळतो. शिवाय हा भेद आपल्याला घरी शिकवलेल्या उच्चनीचतेशी जोडलेला आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यालाही तितकेच पक्के नियम असतात, आणि ते शोधून दाखवणं हेच इथलं काम.

पदरचनेत ग्लॉस, म्हणजे तुकड्यागणिक अर्थ लिहायला, शिकतात. लाइपझिग नियमांप्रमाणे तीन ओळी: वर वाक्य तुकडे पाडून, मधे प्रत्येक तुकड्याचा अर्थ किंवा व्याकरणिक काम, खाली सरळ भाषांतर. प्रत्ययाच्या आधी संयोगचिन्ह, शब्दाला चिकटणाऱ्या अव्ययाच्या आधी बरोबरचं चिन्ह (=). मराठीत देवनागरीतून तुकडे पाडायला गेलं की ‘घोड्याने’ इथेच गाडी अडते, कारण तुकड्याची सीमा अक्षराच्या पोटात येते. म्हणून आधी ध्वनिलिपीत उतरवायचं, मग तोडायचं: मूळ शब्द, सामान्यरूपाचा भाग, मग ने. ‘घरातच’मधला च विभक्तीच्याही पुढे येतो आणि नाम, क्रियापद, क्रियाविशेषण कशालाही लागतो, म्हणून तो प्रत्यय मानत नाहीत. ग्लॉसमध्ये वरच्या आणि मधल्या ओळीतल्या संयोगचिन्हांची संख्या सारखी आली पाहिजे. तपासणारा पहिल्यांदा तेच मोजतो.

वाक्यविन्यासात मराठी विद्यार्थ्याला एक फायदा आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग त्याला शाळेपासून माहीत असतात. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलाने मांजराला मारलं’: क्रियापद कर्माशी जुळतं, आणि कर्माला ‘ला’ लागला की नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होतं. नावं येत असल्यामुळे इथे थांबायचा मोह होतो. पुढचे प्रश्न मात्र शाळेने विचारलेले नसतात. ‘त्याने’ला ने लागतो, मग ‘मी आंबा खाल्ला’मध्ये ‘मी’ कोरा का? ‘तू पोळी खाल्लीस’मध्ये ‘ली’ पोळीशी जुळते आणि ‘स’ तू-शी, म्हणजे एकच क्रियापद दोघांशी एकाच वेळी जुळतंय. ‘तो मराठी शिकला’, ‘ती निरोप विसरली’ यांत कर्म असूनही ने नाही. ‘सकर्मक क्रियापद भूतकाळात असेल तर ने’ हा नियम या तीन ठिकाणी फुटतो, आणि प्रत्येक ठिकाणाचं कारण वेगळं शोधावं लागतं.

इथे चाचण्या कामाला येतात. ‘त्याला बातमी ऐकून आनंद झाला’ या वाक्यात क्रियापद आनंदाशी जुळतं. मग कर्ता आनंद का? ‘ऐकून’ची क्रिया कोणाची ते पाहा: त्याची. ‘ऊन’ लागलेल्या क्रियेचा करणारा साधारणपणे मुख्य वाक्याचा कर्ता असतो, म्हणजे या चाचणीत ‘त्याला’ कर्त्यासारखा वागतो. दुसरी चाचणी ‘स्वतःचा’ची. ‘तिला स्वतःचं गाव आठवलं’, इथे गाव तिचंच. याच चाचणीला ‘आपलं’ वापरू नका. ‘आपलं गाव’चा अर्थ तुमचं-माझं असाही होतो आणि निकाल संशयास्पद ठरतो. जुळणी एका नामाशी आणि कर्तेपणाची इतर लक्षणं दुसऱ्याशी, हे एकदा नीट दिसलं की ‘कर्ता म्हणजे क्रिया करणारा’ ही व्याख्या पुन्हा वापरावीशी वाटत नाही.

न चालणाऱ्या वाक्याच्या आधी तारांकन, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. यात हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या कानावर भरवसा. एकच वाक्य पंधरा वेळा मनात घोळवलं की काहीही चालेलसं वाटू लागतं. रात्री तारांकन दिलेलं वाक्य सकाळी बरं वाटतं. म्हणून किमान पाच-सहा जणांना विचारावं, एक ते सात अशी मोजपट्टी द्यावी, मुद्द्याच्या वाक्यांत तितकीच बिनमुद्द्याची वाक्यं मिसळावीत, आणि ‘हे बरोबर आहे का?’ऐवजी ‘असं कोणी बोलताना ऐकलंत तर कसं वाटेल?’ असं विचारावं. ‘बरोबर’ म्हटलं की लोकांना शाळेतले गुरुजी आठवतात.

अर्थविज्ञानाला गणिताची थोडी तयारी लागते. संच, सत्यता-कोष्टकं, ‘सर्व’ आणि ‘किमान एक’ यांची चिन्हं. दहावीच्या गणिताची भीती नसेल तर अवघड नाही. रोजच्या सरावाशिवाय मात्र ते सुटत नाही.

ऐतिहासिक भाषाविज्ञानात तुलनात्मक पद्धत हाताने करायची असते. समान मुळाचे शब्द रांगेत मांडा आणि आवाजांची जुळणी पाहा. मराठी-हिंदी घ्या: फळ-फल, काळा-काला, केळं-केला. ळ ला ल. पण तेल-तेल, बेल-बेल, गाल-गाल, काल-कल यांत मराठीतही ल. अपवाद म्हणून सोडायच्या आधी मागचं रूप पाहायचं. प्राकृतात तेल्ल, बेल्ल, गल्ल, कल्ल. दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा मराठीत ळ झाला, जोडलेल्या ल्ल चा ल राहिला. मराठीतली काल-काळ ही लघुतम जोडी अशी तयार झाली: कालचा दिवस ‘कल्ल’मधून, वेळ या अर्थाचा ‘काळ’ एकट्या ल च्या ‘काल’मधून. इथेही तत्सम शब्द यादीत शिरले की गोंधळ होतो. ‘कालखंड’, ‘बालवाडी’ यांतला ल संस्कृतातून सरळ आलेला आहे. पहिली चाळणी तत्समांची, मग नियम.

नियमित बदलांनी सगळं सुटत नाही, हे पाहायला सांगलीजवळचं कुपवाड आहे. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली मांडलं की तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू बोलींचे शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकींच्या इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होतं. मराठीतला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेदही द्राविड भाषांच्या शेजारात ठेवूनच समजतो.

क्षेत्रकार्याचा पेपर बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी असतो. वर्गात कुणालाच न येणारी भाषा बोलणारी एक व्यक्ती आणि एक सत्र. महाराष्ट्रात यासाठी लांब जावं लागत नाही. मेळघाटात मुंडा कुळातली कोरकू, यवतमाळकडे द्राविड कुळातली कोलामी, बुलढाण्यात जळगाव-जामोदच्या परिसरात कोणत्याच कुळात न बसणारी निहाली. आधी संमती: काय ध्वनिमुद्रित करणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे त्यांना कळेल अशा भाषेत सांगून. मानधन ठरवून आणि वेळेवर. मग शंभर-दोनशे मूळ शब्दांची यादी, मग छोटी वाक्यं, मग गोष्टी.

चुका ठरलेल्या आहेत. ‘मी जेवतो’ला काय म्हणता, असं विचारलं की काही जण ‘तू जेवतोस’चं रूप देतात, कारण ते तुम्हाला उत्तर देत असतात. ‘हात’ विचारला की ‘माझा हात’ मिळतो, आणि प्रत्येक अवयवाच्या मागेपुढे तोच तुकडा दिसेपर्यंत ते लक्षात येत नाही. ‘असं म्हणता येईल का?’ला पाहुणचार म्हणून ‘हो’ मिळतं. मराठी वाक्य देऊन भाषांतर मागितलं तर मराठीची घडण त्यांच्या भाषेत उतरते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (मराठीचा सातवा खंड १९०५चा) बोलीबोलीतून बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या त्याच गोष्टीचे नमुने गोळा केले होते. तुलनेला ते सोयीचे आहेत, पण भाषांतरातून आलेले आहेत हे वाचताना धरून चालावं. मराठीच्या बोलींसाठी आज डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या सर्वेक्षणातलं प्रत्यक्ष बोलणं ऐकायला मिळतं. पदवीच्या विद्यार्थ्याला घरबसल्या मिळणारं यापेक्षा चांगलं साहित्य नाही.

गोष्टी उतरवायला ईलान हे ध्वनिमुद्रणाला मजकूर जोडणारं सॉफ्टवेअर वापरतात. एका मिनिटाच्या बोलण्याला, नवख्या भाषेत, तासभर सहज लागतो. त्यामुळे तीन तासांचं ध्वनिमुद्रण करून ठेवण्यापेक्षा दहा मिनिटं पूर्ण उतरवून, ग्लॉस करून, बोलणाऱ्याबरोबर बसून तपासलेली बरी. फाइलच्या नावात तारीख, भाषा, बोलणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक आणि सत्राचा क्रमांक, त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत.

शेवटच्या प्रकल्पाचा विषय ‘अमुक बोलीचा अभ्यास’ इतका मोठा घेतला की सत्र संपतं आणि हातात शब्दसंग्रह उरतो. ‘या गावच्या बोलीत दुसऱ्या पुरुषी कर्त्याबरोबर भूतकाळात स लागतो का, आणि कोणत्या क्रियापदांना लागत नाही’ एवढा प्रश्न पुरेसा आहे. आधी दोन जणांवर प्रश्नावली चालवून पाहा, ज्या प्रश्नाला दोघेही अडखळतात तो बदला, मग बाकीच्यांकडे जा. परिशिष्टात विचारलेली सगळी वाक्यं द्या, नाकारली गेलेलीही, प्रत्येकापुढे कोणी काय सांगितलं त्यासकट. तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न त्या नाकारलेल्या वाक्यांवरच येतात.